संग्रहालयात ग्रुप न्यायचाय? फोन करायच्या आधी हे वाचून घ्या
(शाळा, सोसायट्या, महिला मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक मंडळांसाठी माहितीपत्रक, नागपूर)

आम्ही तुमच्या ग्रुपला संग्रहालयात नेऊन तिथल्या वस्तू दाखवतो. आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो, "दीड तासात सगळं दाखवून होईल ना?" शाळा असो, सोसायटी असो. आणि आमचं उत्तरही ठरलेलं आहे, नाही होणार, आम्ही तसं करतही नाही. आम्ही दीड तासात चार वस्तू दाखवतो, कधी कधी तीनच. हे ऐकून काही जण फोन ठेवून देतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं की चारच का, त्या चारसाठी मागे काय तयारी लागते, आणि तुमच्याकडून आम्हाला काय हवं असतं.

सुरुवातीला आम्ही पण सगळंच दाखवायचो. एकदा सहावीची साठ पोरं, आमचा बोलणारा एक माणूस, वेळ एक तास. सोबतच्या शिक्षकांनी सांगून ठेवलं होतं की लेबलं वहीत उतरवून घ्या, उद्या तपासणार. पोरं काचेसमोर उभी राहून लेबल बघत होती, वही बघत होती, परत लेबल. मूर्तीकडे मान वर करून कोणी बघितलंच नाही. बाहेर आल्यावर विचारलं काय आवडलं, तर पेंढा भरलेल्या प्राण्यांशिवाय एकही नाव निघालं नाही. त्या रात्री आम्ही बसून पूर्ण कार्यक्रम मोडला आणि नव्याने बांधला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे घड्याळ लावून मोजलं होतं, तो अभ्यास 2001 साली छापून आला. सरासरी 27 सेकंद निघाली, आणि निम्म्या वेळा तर लोक 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. एवढ्या मोठ्या ठिकाणी, तिकीट काढून आलेल्या लोकांचं हे, तर आपली साठ पोरं रांगेत ढकलत नेली तर काय होईल सांगा.

आता आम्ही एका वस्तूसमोर पंधरा-वीस मिनिटं बसतो. हो, बसतो, खाली जमिनीवर. आणि आधी माहिती सांगत नाही, विचारतो. प्रश्न तीनच. इथे काय चालू आहे? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? हे प्रश्न आमच्या डोक्यातून आलेले नाहीत, न्यूयॉर्कच्याच मॉडर्न आर्ट म्युझियमचा शिक्षण विभाग 1983 ते 1993 सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी ही पद्धत घडवली, जगभर वापरतात. दिसायला अगदी साधी वाटते पण दुसरा प्रश्न खरा कामाचा आहे, कारण "कशावरून" म्हटलं की पोराला उत्तर पाठांतरात सापडत नाही, परत मूर्तीकडेच बघावं लागतं.

एक उदाहरण देतो म्हणजे लक्षात येईल. विष्णूची दगडी मूर्ती, चार हातांची, उजवीकडचा खालचा हात मनगटापासून तुटलेला. पाचवीतला एक पोट्टा म्हणे, "सर, देव चिडून राहिला." कशावरून? तो पुढे झाला, खूप वेळ बघितलं, मग म्हणे, "नाही, डोळे तर मिटल्यासारखे आहेत, झोपला असंल." मागून एक मुलगी, "झोपला असता तर उभा कसा राहिला?" मग तुटलेल्या हाताकडे लक्ष गेलं. हात तुटला काहून, त्यात काय होतं? आम्ही सांगितलं नाही. बाकीच्या तीन हातांत काय आहे ते बघा म्हटलं. एकाने शंख ओळखला, चक्र तर सगळ्यांनीच, गदेला एक जण बॅट म्हणाला आणि दुसऱ्याने ती सुधारली. मग राहिलं काय? कमळ! हे त्यांनी स्वतः काढलं, आणि दोन पोरं पाठीला पाठ लावून चार हात करून उभी पण राहिली.

त्याच्या पुढे आम्ही एक गोष्ट सांगतो. शंख, चक्र, गदा आणि पद्म या चार वस्तू कुठल्या हातात आहेत यावरून विष्णूचं नाव बदलतं, केशव वेगळा, नारायण वेगळा, माधव वेगळा. ग्रंथागणिक क्रमात थोडे फरक आहेत पण हिशोब एकच, चार वस्तू चार हातांत किती प्रकारे ठेवता येतील? चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, बरोबर 24. आणि संध्येतली केशवाय नमः, नारायणाय नमः ही नावं पण 24 च! महिला मंडळाच्या ग्रुपमधे हे सांगत असताना एका आजींनी ती चोवीस नावं तिथेच घडाघडा म्हणून दाखवली, लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकून पाठ झालेली, आणि मग म्हणाल्या, "एवढी वर्षं म्हणत आली, पण ही नावं अशी हातात धरलेली असतात हे आज दिसलं." अशा वेळी आमचा माणूस गप्प उभा राहतो, तेच त्याचं काम आहे.

नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे सिव्हिल लाइन्सचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, 1863 चं, घरोघरी त्याला अजब बंगलाच म्हणतात. मूर्ती, चित्रं, शस्त्रं, आदिवासी कला, पुरातत्त्व, पशुपक्षी असं सगळं एकाच आवारात. म्हणूनच तिथे निवड करणं जास्त गरजेचं होतं. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी आमच्यातलं कोणीतरी जाऊन येतं. कुठली दालनं उघडी आहेत, काय मांडलंय, कुठे पंधरा जण गोल बसतील, कुठे आवाज घुमतो, पंखा कुठे आहे, बाथरूम किती लांब, हे सगळं बघून मगच वस्तू ठरवतो. परवानगीचं पत्र तुमच्या लेटरहेडवर लागतं, मजकूर आम्ही देतो. आणि बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार मागू नका.

गुंगेरियाची गोष्ट आम्हाला फार जवळची आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात 1870 साली गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचं काहीतरी वर आलेलं दिसलं, खणलं तर तांब्याच्या 424 वस्तू आणि चांदीचे 102 पत्रे निघाले. त्यातल्या काही वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियमला गेल्या, काही आपल्या नागपूरला आल्या. चांदीच्या पत्र्यांत बैलाच्या तोंडासारखे, शिंगं खाली वळलेले पत्रे आहेत. आम्ही त्याचा मोठा फोटो पोरांसमोर ठेवतो आणि काही सांगत नाही. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरलेली पोरं, पाच सेकंदांत ओळखतात. हे काढणारी पण तुमच्याच वयाची होती म्हटलं की मग जे प्रश्न सुरू होतात ते बसमधे बसेपर्यंत थांबत नाहीत.

गोंड चित्रांची वर्कशॉप पण आम्ही घेतो, मागणी त्यालाच जास्त आहे. पण एक अट आहे, कॉपी करायला देणार नाही. आपलं नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, 1702 मधे, म्हणजे हे काही लांबच्या जंगलातलं नाही, आपल्याच घरचं आहे. तिकडे मध्य प्रदेशात पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांनी भिंतीवरची चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर आणली, भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रातून ती देशभर पोचली. या चित्रांत आकार भरायला ठिपके, रेघा, बारीक नक्षी असते आणि प्रत्येक कलाकाराचं भरण वेगळं, ती त्याची सहीच असते. म्हणून आम्ही पोरांना आधी तीन चित्रं फक्त भिंगातून बघायला देतो, मग स्वतःचं भरण शोधायला सांगतो. कोणी तांदळाचे दाणे काढतं, कोणी मेट्रोचे रूळ. एका मुलीने आईच्या स्वेटरचे टाके काढले होते, ते अजून आमच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे. बक्षीस, नंबर, स्पर्धा आम्ही ठेवत नाही, कृपया आग्रह करू नका, नंबर म्हटला की पोरं शेजारच्याच्या कागदात बघायला लागतात.

आता नियम. यावर पालकांचे बरेच प्रश्न येतात म्हणून कारणासकट सांगतो. आत फक्त पेन्सिल, पेन नाही, कारण पेन्सिलची रेघ चुकून कुठे लागली तर निघते, शाई निघत नाही. पाठीवरच्या बॅगा बाहेर, कारण पोरगं वळलं की बॅग पण वळते आणि मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. हात लावायचा नाही कारण हातावरचा घाम, तेल, मीठ धातूवर आणि दगडावर राहतं, आज डाग दिसत नाही पण शंभर हात झाले की दिसतो. फ्लॅश नाही. प्रकाशाने कागदावरचे रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून अशा चित्रांना साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात, त्यामुळे दालन अंधारं वाटलं तर लाइट गेली असं समजू नका, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी आम्ही प्लास्टरच्या प्रतिकृती घेऊन येतो, त्यांना मनसोक्त हात लावा. हा ग्रुप सहा जणांपेक्षा मोठा घेत नाही. ज्येष्ठांसाठी फोल्डिंग स्टूल आमच्याकडे आहेत, घरून आणू नका.

ग्रुपचा आकार हाच सगळ्यात मोठा वादाचा मुद्दा होतो. पंधरा मुलांमागे आमचा एक माणूस, यात आम्ही तडजोड करत नाही. साठ मुलं असली तर चार माणसं येतील किंवा दोन दिवस करू. फी यामुळेच थोडी जास्त वाटते, तिच्यात माणसांचं मानधन, आधीची फेरी, कागद, पेन्सिली, भिंगं, प्रतिकृती हे सगळं येतं. संग्रहालयाचं तिकीट आणि बस तुमची. पैशाची अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, माणसं कमी करण्यापेक्षा आम्ही वस्तू आणि वेळ कमी करू. आणि यायलाच जमत नसेल, लांबचं गाव असेल, तर प्रतिकृतींची पेटी घेऊन आम्ही शाळेत येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 2015 पासून अख्खी बस फिरते, त्यांनी 2019 ला मुलांसाठी वेगळं संग्रहालय पण उघडलं. आमची पेटी स्कूटरवर मावते, पण विचार तोच आहे.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मे मधे सकाळचंच घेतो, अकराच्या पुढे नागपूरच्या उन्हात बसमधून पोरं उतरवणं बरं नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा जुलैपासून डिसेंबर हा चांगला काळ, पण नोव्हेंबर-डिसेंबरला सहलींची गर्दी असते, महिनाभर आधी कळवा. 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, तेव्हा सुट्ट्या असतात म्हणून सोसायट्यांनी तो दिवस जरूर धरावा.

शिक्षकांना एक मनापासून विनंती. परत गेल्यावर "संग्रहालयाची सहल" हा निबंध लगेच लिहायला देऊ नका. आठवड्याने फक्त एवढं विचारा की चारपैकी कुठली वस्तू आठवते आणि का. ती उत्तरं जशीच्या तशी, चुकांसकट, आम्हाला फोटो काढून पाठवा. पुढच्या ग्रुपसाठी कुठली वस्तू ठेवायची आणि कुठली बदलायची हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.

फोन कराल तेव्हा किती जण, कितवी, आधी संग्रहालयात गेले आहेत का, कोणाला चालायला, बघायला, ऐकायला त्रास आहे का, एवढं हाताशी ठेवा. मराठी, हिंदी दोन्ही चालेल. नंबर मागच्या पानावर आहे, दुपारी दोन ते चार आम्ही बहुतेक कुठल्यातरी दालनात जमिनीवर बसलेलो असतो, तेव्हा त्या वेळात मेसेज टाकून ठेवा, संध्याकाळी आम्हीच करू.