आधी मूड की आधी काम? गोव्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचलेल्या एका थेरपीची पार्श्वभूमी

डिप्रेशन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला काय मिळतो, तर "जरा बाहेर पड, कशात तरी मन रमव". सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ज्याला उठून दात घासायचंसुद्धा जड झालंय त्याला ते टोचतं, त्याच्या कानाला ते "तू प्रयत्नच करत नाहीयेस" असंच ऐकू येतं. आणि तरी वरवर याच सल्ल्यासारखी दिसणारी एक उपचारपद्धत आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे मूड सुधारायची वाट न बघता आधी छोटी छोटी कामं ठरवून करायची, तिच्यावर पन्नासेक वर्षं संशोधन चाललंय आणि त्यातलं फार महत्त्वाचं काम गोव्यात झालंय.

सुरुवात अमेरिकेतली, १९७० च्या आसपासची. ओरेगॉन युनिव्हर्सिटीत पीटर लुइनसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं की नोकरी गेली, जवळचं माणूस गेलं, आजारपण आलं की ज्या गोष्टींतून बरं वाटायचं त्याच आयुष्यातून कमी होतात, मग उदास वाटतं, उदास वाटलं की माणूस अजून कमी गोष्टी करतो आणि तसा तो खाली खाली जात राहतो. त्यांच्या टीमने आनंद देणाऱ्या ३२० गोष्टींची यादीच बनवली होती. १९७३ मध्ये चार्ल्स फर्स्टर यांनी, जे आधी वर्तनाचा अभ्यास करणारे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्यासोबत कबुतरांवर प्रयोग करायचे, टाळण्याकडे लक्ष वेधलं. फोन न उचलणं, पांघरूण ओढून पडून राहणं, हा आळस नाही, त्या क्षणापुरती त्रासातून सुटका मिळते म्हणून ते पुन्हा पुन्हा होतं. हे एवढं जरी घरच्यांना कळलं तरी त्यांची निम्मी चिडचिड कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

पण हे काम मागे पडलं. फिलाडेल्फियात ॲरन बेक यांची कॉग्निटिव्ह थेरपी आली, मनातले चुकीचे विचार पकडा आणि तपासून बघा अशी, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं तिचीच चलती होती. त्यात काम ठरवून करणं हा भाग होताच, पण विचार बदलायच्या आधीची तयारी म्हणून.

मग १९९६ मध्ये सिॲटलच्या मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी बेक यांच्या थेरपीचे चक्क भाग सुटे करून बघितले. दीडशेच्या आसपास पेशंट, तीन गट. एकाला पूर्ण थेरपी, एकाला अर्धवट, आणि एकाला फक्त वागण्यातले बदल, विचारांना हातच नाही लावायचा. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले! म्हणजे जो भाग नुसती तयारी समजला जायचा तो एकटाच पुरेसा पडत होता. जेकबसन १९९९ मध्ये अचानक गेले, वय फक्त ५०, पण त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं आणि २००६ च्या २४१ पेशंटच्या ट्रायलमध्ये, जास्त तीव्र डिप्रेशन असलेल्यांच्यात, ही फक्त वागणं बदलायची पद्धत, म्हणजेच बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, गोळ्यांच्या बरोबरीची ठरली आणि कॉग्निटिव्ह थेरपीपेक्षा सरस.

थेरपी सोपी आहे म्हणजे ती शिकवायलाही सोपी, आणि आपल्या देशासाठी सगळं महत्त्व याच गोष्टीत आहे. २०१५-१६ च्या नॅशनल मेंटल हेल्थ सर्व्हेत दिसलं की डिप्रेशन असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. एवढे सायकिॲट्रिस्ट आणायचे कुठून?

याच प्रश्नावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल मूळचे मुंबईचे. नव्वदच्या दशकात ते झिम्बाब्वेत काम करत होते, तिथे लोक याच त्रासाला "कुफुंगिसिसा" म्हणायचे, म्हणजे अति विचार करणं. १९९६ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी यांनी गोव्यात 'संगात' ही संस्था सुरू केली. तिच्या 'मानस' प्रकल्पात (मनशांती सुधार शोध) डिप्रेशन हा शब्द शक्यतो टाळून टेन्शन म्हटलं जायचं, कारण डॉक्टरकडे येणारा माणूस टेन्शनच सांगतो, नाहीतर अंगदुखी आणि झोप नाही हे. २४ दवाखाने, २७९६ पेशंट, आणि समुपदेशन करणारे मानसिक आरोग्याची कुठलीही पदवी नसलेले स्थानिक लोक. २०१० मध्ये निकाल आले. सरकारी केंद्रांत स्पष्ट फायदा दिसला, खाजगी डॉक्टरांकडे मात्र फरक दिसला नाही.

त्यानंतर मुळातच बिहेवियरल ॲक्टिव्हेशनवर बेतलेला 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' आला, सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. इथे "मन रमव" सारखं सांगून सोडून देत नाहीत. दिवसभरात काय केलं, कधी किंचित बरं वाटलं, काय टाळलं, हे आधी दोघं मिळून बघतात, मग पुढच्या वेळेपर्यंतचं एक छोटं काम ठरतं, आणि नाही जमलं तर का नाही जमलं यावर बोलतात, रागवत नाहीत. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ पेशंट, तेही बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनचे. तीन महिन्यांनी डिप्रेशनमधून बाहेर आलेले ६४ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ ला हे छापून आलं. गंमत म्हणजे २०१६ मध्येच इंग्लंडमध्ये ४४० लोकांच्या ट्रायलमध्येही कमी प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी हीच पद्धत वापरून तज्ज्ञ थेरपिस्टांइतकाच परिणाम साधला, खर्चही कमी. म्हणजे हा काही फक्त गरीब देशांचा जुगाड नाही.

महाराष्ट्राचा धागा अमरावतीचा. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, गावातलेच कार्यकर्ते घेऊन. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानंतर २७.२. तरी जवळपास तीन चतुर्थांश लोक उरतातच. पुढे मध्य प्रदेशात आशाताईंना स्मार्टफोनवरून हीच थेरपी शिकवून बघितली गेली. पण आशाताईंकडे आधीच लसीकरण, गरोदर बायांची नोंद, सर्व्हे आणि त्यावर तुटपुंजं मानधन. या कामाचे त्यांना वेगळे पैसे आणि वेळ द्यायला हवा, तेही पायलट प्रोजेक्ट संपल्यावरसुद्धा.