नाहुआत्लमध्ये, पण कोणत्या?

मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख लोकांची भाषा नाहुआत्ल असल्याची नोंद झाली. आपल्या ताटातला टोमॅटो या भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून आलेला. एवढ्या लोकांसाठी नाटके नि रेडिओसारखे कार्यक्रम त्यांच्या भाषेत आणायचे, ही कल्पना मात्र नवी नाही.

स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५३० च्या दशकातच बायबलमधल्या गोष्टींची नाटके नाहुआत्लमध्ये करवून घेतली. मेक्सिकोतल्या त्लाश्काला शहरातल्या आदम-हव्वेच्या नाटकात खरी झाडे नि जिवंत प्राणी होते, पोपट तर इतके की त्यांच्या कलकलाटाने मध्येच व्यत्यय येई. हेतू धर्मप्रसाराचाच, पण प्रेक्षक कोण हे त्यांना नेमके कळले होते. (गोव्यात थॉमस स्टीफन्सने ओवीत ख्रिस्तपुराण लिहिले तेही याच हिशेबाने.) १६४० च्या सुमारास तेश्कोकोच्या राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या बार्तोलोमे दे आल्वा या पाद्र्याने तीन स्पॅनिश नाटके नाहुआत्लमध्ये आणली. त्यांत एक लोपे दे व्हेगा या नामवंत स्पॅनिश नाटककाराचे होते.

पुढे वारे फिरले. १५७० मध्ये ज्या स्पॅनिश राजसत्तेने नाहुआत्लला न्यू स्पेनमधल्या, म्हणजे मेक्सिकोतल्या तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतीतल्या, मूलनिवासींची अधिकृत भाषा ठरवले, तिनेच १७७० मध्ये सगळीकडे स्पॅनिशच चालवण्याचा हुकूम काढला. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यानंतरही शाळा, कचेरी आणि छापखाना बहुतांशी स्पॅनिशच्याच हाती राहिला.

खरा फरक पडला रेडिओमुळे. १९७९ मध्ये गेरेरो राज्यातल्या त्लापा गावी ‘ला व्होस दे ला मोंतान्या’, म्हणजे डोंगराचा आवाज, हे सरकारी केंद्र सुरू झाले. तिथून नाहुआत्ल, मिश्तेक, त्लापानेक आणि स्पॅनिश ऐकू येऊ लागली. वाचता न येणाऱ्यालाही कळावे, असे हे माध्यम.

२००३ च्या कायद्याने मूलनिवासी भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा मानले. तरीही २०१४ च्या दूरसंचार कायद्यात प्रसारण ‘राष्ट्रीय भाषेत’, असे एकवचनच आले! नाहुआ कवी मार्दोनियो कार्बाल्यो यांनी त्याला आव्हान दिले आणि जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकवचन घटनाबाह्य ठरवले.

परवानगीचा प्रश्न सुटला, तरी भाषेचा उरतोच. सरकारी यादीत नाहुआत्लची ३० रूपे आहेत. ईशान्य मेक्सिकोच्या हुआस्तेका भागातल्या निवेदकाचे बोलणे दुसऱ्या टोकाच्या गावात अडखळतच कळते. लिपी रोमन, पण ‘काल्ली’ म्हणजे घर, हा साधा शब्द कोणी ‘सी’ने लिहितो, कोणी ‘के’ने. पडद्यावरची उपशीर्षके (सबटायटल्स) लिहिणाऱ्याला सुरुवातीलाच बाजू घ्यावी लागते.