लिव उलमन आणि बीबी अँडरसन : बर्गमनच्या दोघी, पण स्वीडिश एकच

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा ‘पर्सोना’ (१९६६) हा चित्रपट पाहिलेल्यांना कोण कोणती हे सांगावे लागत नाही. सतत बोलणारी परिचारिका आल्मा म्हणजे बीबी अँडरसन आणि बोलणेच सोडून दिलेली नटी एलिसाबेत म्हणजे लिव उलमन. शेवटाकडे दोघींचे अर्धे-अर्धे चेहरे जोडलेले दिसतात. तिथे होणारी गफलत दिग्दर्शकालाच हवी आहे.

खरी खटकते ती दुसरीच गफलत. चित्रपट-परिचयांतून या दोघींना सरसकट ‘बर्गमननी घडवलेल्या स्वीडिश अभिनेत्री’ म्हटले जाते. बीबींच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे: त्या स्टॉकहोमच्या, तिथल्या राष्ट्रीय रंगभूमीच्या शाळेत शिकलेल्या, आणि १९५१ मध्ये बर्गमन यांनी केलेल्या साबणाच्या जाहिरातीतही झळकलेल्या. उलमन मात्र नॉर्वेच्या. जन्म १९३८ चा, टोकियोतला, पण आईवडील नॉर्वेजियन आणि वाढल्या त्या ट्रॉन्हेममध्ये. १९५७ मध्ये स्टाव्हांगरच्या रंगमंचावर त्यांनी ॲन फ्रँक साकारली, पुढे ऑस्लोच्या रंगभूमीवर नाव मिळवले, आणि १९६५ मध्ये ‘पर्सोना’चे चित्रीकरण सुरू झाले तेव्हा त्यांच्या पाठीशी नाटकाचा आठ वर्षांचा रियाज होता. अशा तयार नटीला ‘बर्गमननी घडवलेली’ म्हणणे हा तिच्या कष्टांवर अन्याय आहे.

हा रियाज पडद्यावर दिसतो. एलिसाबेतच्या मुलाविषयीचे आल्माचे लांबलचक स्वगत चित्रपटात दोनदा येते, आणि पहिल्या वेळी कॅमेरा बोलणाऱ्या बीबींवर नव्हे, तर ऐकणाऱ्या उलमन यांच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो. एकही शब्द न उच्चारता त्यांनी तो प्रसंग पेलला आहे. माझ्या मते त्या चित्रपटातले सर्वांत अवघड काम तेच.

बर्गमन यांच्याबरोबरचे सहजीवन आणि दोघांची लेखिका मुलगी लिन हे तपशील सर्वत्र मिळतात. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनची नाटके मात्र बहुतेक परिचयांतून गळतात, आणि तिथेच उलमन यांचे नॉर्वेजियनपण सर्वांत ठसठशीत आहे. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे जिची कथा मराठी रंगभूमीवर आली, ती इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ची नायिका नोरा त्यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर केली, १९८२ मध्ये तिथेच ‘घोस्ट्स’मधली मिसेस आल्विंगही. दिग्दर्शक झाल्यावर नॉर्वेजियन लेखिका सिग्रिड उन्सेट यांच्या कादंबरीवरून त्यांनी ‘क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर’ (१९९५) केला, तोही नॉर्वेजियन भाषेतच.