ऑरेगॉन ट्रेलवर माणसं बाणांनी नव्हे, पाण्याने मेली

गोल रिंगण करून उभ्या केलेल्या गाड्या, आत भेदरलेली कुटुंबं, बाहेर घोड्यांवरून बाण सोडणारे मूळ अमेरिकन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्यांच्या या वाटेचं, ऑरेगॉन ट्रेलचं, हे चित्र इतकं रुजलंय की तेच खरं वाटतं. प्रत्यक्षात मिझुरीपासून ऑरेगॉनपर्यंतच्या सुमारे 3,200 किलोमीटरच्या वाटेवर सर्वांत जास्त बळी रोगांनी घेतले, आणि त्यांत पहिला कॉलरा.

1849 ते 1852 दरम्यान प्लॅट नदीच्या खोऱ्यात तो अक्षरशः पसरला होता. हजारो माणसं आणि जनावरं एकाच काठावर मुक्काम करत, तिथेच घाण होई, तिथलंच पाणी पुढचा तांडा पिई. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी पुरला जाई. त्याखेरीज नदी ओलांडताना बुडणं, चुकून सुटलेली गोळी, चाकाखाली आलेली मुलं.

आणि हल्ले? इतिहासकारांच्या मोजणीनुसार 1840 ते 1860 या काळात मूळ रहिवाशांच्या हातून सुमारे 360 प्रवासी मेले, तर प्रवाशांच्या हातून 420 हून अधिक मूळ रहिवासी. ही दुसरी संख्या कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एरवी शोशोनी या मूळ जमातीचे लोक प्रवाशांना सॅमन मासे विकत, मोबदल्यात कपडे घेत. नदीपार जायलाही अनेक जमातींची मदत होई. रिंगण लागे ते मुख्यतः बैल रात्री भटकू नयेत म्हणून.

कॉलरा मात्र पॉनी आणि शायन या जमातींच्या वस्त्यांतही शिरला. तिथे मेलेल्यांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.