हातातल्या मोबाइलचं ई-चलान: तक्रार नेमकी कुठे अडते

"साहेब, त्या वेळी फोन आलाच नव्हता, हे बघा बिल." मोबाइल वापरल्याच्या ई-चलानाविरुद्ध तक्रार करणारे बहुतेक जण हेच कागद जोडतात, आणि इथेच घोटाळा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली जो गुन्हा घातला, तो बोलण्याचा नाही; गाडी चालवताना फोन हातात धरून वापरण्याचा आहे. मेसेज वाचणंही त्यात आलं. म्हणून कॉलची यादी कितीही खरी असली तरी तिने काहीच सिद्ध होत नाही. सूट आहे ती रस्ता शोधण्यापुरती, तीही चालवणाऱ्याचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीने. त्यामुळे फोन होल्डरला लावा.

महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून यासाठी दुचाकीला 1000 आणि चारचाकीला 2000 रुपये दंड आहे. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर 10,000. परवानाही निलंबित होऊ शकतो.

चलान बघायला महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. पैसे भरायच्या आधी फोटो उघडा. कृपा करून हा क्रम चुकवू नका. दंड भरला की प्रकरण मिटलं, मग भांडायला जागा उरत नाही.

फोटो मोठा करून बघा. नंबरप्लेट तुमचीच आहे का? गाडीचा रंग, मॉडेल जुळतं का? एखादा आकडा चुकीचा वाचला गेला असेल, तर आरसी आणि स्वतःच्या गाडीचा फोटो जोडून तेवढंच दोन ओळींत लिहा. घरची अडचण, आजारपण, नोकरी हे सगळं खरं असतं, पण तपासणाऱ्याला फोटोत काय चुकलं एवढंच हवं असतं.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा हात वारंवार कानाकडे जातो आणि फोटोत तो फोन धरल्यासारखा दिसू शकतो. अशा वेळी ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा अहवाल) आणि यंत्राचं बिल जोडावं. अडचण अशी की बिल कुणी जपून ठेवत नाही, आणि चलान आल्यावर डॉक्टरांकडून आणलेल्या चिठ्ठीवर तारीख नंतरची पडते. आजच दोन्ही कागदांचे फोटो काढून ठेवा.

पेसमेकर असलेले काही जण लिहितात, "छातीच्या खिशात फोन ठेवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून हातात होता." डॉक्टरांचं बरोबर आहे. फोन यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर लांब हवा, आणि चुंबक असलेला फोन वायरलेस चार्जिंगवर असेल तर 30. पण त्याने हातात धरायची परवानगी मिळत नाही. पँटच्या खिशात किंवा बॅगेत ठेवा. रक्तातली साखर मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर बाहूवर लावणाऱ्यांचंही तसंच. फोनवर इशारा वाजला तर गाडी कडेला घ्या, थांबा, मग बघा. साखर उतरलेली असताना तसंही चालवू नये.

आता 15 दिवसांचा गैरसमज: तेवढ्यात मेसेज पोचला नाही तर चलान रद्द होतं, असं अनेकांना वाटतं. केंद्रीय नियमांत 2021 साली आलेला नियम 167 ए म्हणतो की कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना घटनेपासून 15 दिवसांत पाठवावी. पाठवावी, पोचावी असं नव्हे. तुमचा आरसीवरचा मोबाइल नंबर जुना असेल, किंवा गाडी घेताना एजंटने स्वतःचाच टाकला असेल, तर सूचना वेळेत पाठवली जाते आणि तुम्हाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. "मला कळलंच नाही" ही तक्रार मग टिकत नाही.

नंबर बदलायची सोय परिवहन संकेतस्थळावर आहे. आधार पडताळणी लागते. आरसीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, किंवा आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरून अर्ज परत येतो. एका नागरिकाच्या कागदांवरचं नाव सरकारलाच दोन तऱ्हेने लिहून ठेवायला जमतं, आणि जुळवायचा त्रास मात्र माणसाला, हे संतापजनक आहे. तरी दुरुस्ती आधी करून घ्या.

गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यायचं. तोवर चलानाचा मेसेज त्यांच्या बंद पडलेल्या नंबरावरच जात राहतो.

आणि चलानाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका. खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट डॉट जीओव्ही डॉट इन असाच असतो.