एअर फ्रायरमधला मासा: सगळा हिशेब पाण्याचा

चैत्र-वैशाखात जळगाव-धुळ्याच्या गच्च्यांवर कुरडया वाळत घालतात. त्या उन्हाने वाळतात असं आपण म्हणतो, पण निम्मं काम वारा करतो. वारा पडला की तेच ऊन असूनही कुरडई संध्याकाळी हाताला ओलसर लागते. एअर फ्रायरचं सगळं शास्त्र या गच्चीवर आहे. २०१० साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र मांडलं तेव्हा नावात ‘फ्राय’ ठेवलं. प्रत्यक्षात ते तळत नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. २०० अंशांचा वारा पदार्थावरून जोरात फिरवणं, एवढंच त्याचं काम.

आता त्या वाऱ्यात बासाचा बिनकाट्याचा काप ठेवा. दुकानात त्याला ‘फिले’ म्हणतात. अशा सौम्य, पांढऱ्या माशाच्या वजनात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जोवर त्याचा पृष्ठभाग ओला आहे, तोवर तिथलं तापमान १०० अंशांपलीकडे जात नाही. पडद्यावर २०० दिसत असले तरी ते हवेचं तापमान, माशाचं नाही. तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास देणारी मेलार्ड प्रक्रिया नीट वेग घेते ती १४० अंशांच्या आसपास. म्हणजे आधी पृष्ठभाग वाळला पाहिजे, मग रंग.

एक छोटा हिशेब करू. ३०० ग्रॅम मासा फ्रिजच्या ५ अंशांवरून ६३ अंशांवर न्यायला साधारण ६३ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सव्वादोन किलोज्यूल. म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम, दोन मोठे चमचे पाणी उडवायला जेवढी उष्णता खर्च होते तेवढ्यात अख्खा मासा शिजतो. हे दोन चमचे पाणी कापाच्या अंगावर तसंच सोडलं, तर यंत्र आधी ते वाळवत बसतं आणि तोवर आतला मासा शिजून कोरडा होतो. सुती फडक्याने टिपून घेतलं तर अर्धं मिनिट लागतं. एअर फ्रायरमधल्या माशाबद्दलच्या निम्म्या तक्रारी या फडक्याशी येऊन थांबतात.

तेलात हा प्रश्न का येत नाही? हवा विरळ असते आणि उष्णता फार हळू पोचवते. २०० अंशांच्या भट्टीत क्षणभर हात घातला तर चालतो, उकळत्या पाण्यात नाही. तेल तर पाण्याहूनही कितीतरी जास्त तापलेलं, आणि कापाला सगळीकडून चिकटलेलं. त्यात पृष्ठभागावरचं पाणी काही सेकंदांत उडून जातं. म्हणूनच बेसनाचं पातळ पीठ लावून मासा एअर फ्रायरमध्ये ठेवू नये. तेलात ते पीठ पडताक्षणी आवळतं. इथे ते आवळण्याआधीच जाळीतून ओघळतं, आणि खाली लगदा, वर उघडा मासा असं काहीतरी निघतं.

मासा कोणता घ्यायचा? खान्देशात समुद्रातला मासा बर्फात बसून येतो. रोजचा मासा गोड्या पाण्यातला, म्हणजे तापीवरच्या हतनूरचा, गिरणेचा, किंवा नवापूरच्या बाजूला पसरलेल्या उकाईच्या फुगवट्यातला. रोहू आणि कटला चवीला चांगले, पण त्यांच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे बारीक काटे रुतलेले असतात. तेलात कडक तळले की हे काटे कुरकुरीत होऊन चावले जातात, वाऱ्यात होत नाहीत. ते मासे रश्श्याला ठेवावेत. एअर फ्रायरसाठी बासा (बाजारात पंगस), तिलापिया (कोळ्यांकडे चिलापी) आणि परवडलं तर मरळ. या तिन्हींचे बिनकाट्याचे काप निघतात. मरळ त्यातला सगळ्यात घट्ट, म्हणून चुकांना सर्वात जास्त सांभाळून घेणारा. बासा सगळ्यात मऊ.

मऊ असण्यालाही कारण आहे. मासा पाण्यात तरंगतो, त्याला स्वतःचं वजन पेलायला बोकडासारखे चिवट स्नायू लागत नाहीत. त्याचे स्नायू आखूड धाग्यांचे, थराथरांत रचलेले, आणि थरांच्या मध्ये कोलॅजेन या प्रथिनाचा तलम पडदा. हा पडदा ५० अंशांच्या आसपासच विरघळू लागतो, म्हणून शिजलेला मासा पापुद्र्यांनी सुटतो. मटणाला तास लागतो तिथे माशाला मिनिटं. पण ६५ अंशांच्या पुढे प्रथिनं आवळत जातात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. ७० ओलांडली की मासा कापसासारखा लागतो. मधल्या भागाला ६३ अंश मिळाले की मासा खायला सुरक्षित आणि रसाळ, दोन्ही असतो. दोन-चार अंशांचाच हा खेळ आहे. मांसात खुपसायचा साधा डिजिटल थर्मामीटर काही शेकड्यांत मिळतो, आणि एअर फ्रायर घेतलेल्या घरात तो असायलाच हवा.

गोठवलेला काप घेत असाल तर पाकीट उलटून बघा. घटकांत ४५१ किंवा ४५२ हे आकडे दिसले तर माशावर फॉस्फेटची प्रक्रिया झालेली आहे. फॉस्फेटमुळे मांस जादा पाणी धरून ठेवतं, वजन वाढतं, आणि ते पाणी टोपलीत बाहेर येतं. शिवाय कापावर वरून बर्फाचा पातळ थर दिलेला असतो, तो वेगळाच. असा मासा रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत ठेवून वितळवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली निथळतं. मे महिन्यात पारा ४४ वर असताना ओट्यावर वितळवणं धोक्याचं. ३२ अंशांच्या वर उघड्यावर तासाभरापेक्षा जास्त वेळ कच्चा मासा ठेवू नये. वीज गेल्यामुळे फ्रीझरमध्ये एकदा सैल पडून पुन्हा गोठलेला मासा एअर फ्रायरला निरुपयोगी. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, पेशींचे पडदे फाडतात, आणि मग कितीही टिपलं तरी पाणी झिरपतच राहतं. तोही रश्श्यात घालावा.

फॉस्फेट नसलेल्या माशाला मात्र मिठाचं पाणी द्या. अर्धा लिटर थंड पाण्यात २५ ग्रॅम मीठ, त्यात काप १५ मिनिटं. वाळवायचं म्हणून इतका आटापिटा आणि आता पुन्हा पाण्यात? हो, कारण मीठ स्नायूंच्या बाहेरच्या प्रथिनांना थोडं सैल करतं, आणि तापल्यावर ती आतलं पाणी जास्त घट्ट धरतात. कापावर पांढरा साक्यासारखा फेस येतो, तोही यामुळे कमी होतो. तो फेस म्हणजे बाहेर पिळलं गेलेलं प्रथिन, घाण नव्हे. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर फडक्याने टिपा आणि जाळीवर, न झाकता, फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. मसाल्यात पुन्हा मीठ घालू नका.

धरणाच्या माशाला कधी चिखलाचा वास येतो. तो जिओस्मिन या रेणूचा, आणि पहिल्या पावसात तापलेल्या काळ्या मातीला जो वास सुटतो तोही याच रेणूचा. शेतात हवाहवासा, ताटात नकोसा. पाण्यातले नीलहरित जीवाणू तो बनवतात आणि माशाच्या चरबीत तो साठतो. आम्लाने जिओस्मिनचा रेणू बदलतो आणि वास मावळतो, म्हणून लिंबू किंवा आंबट ताक चोळायची जुनी पद्धत रसायनशास्त्राला धरूनच आहे. फक्त १० मिनिटांत धुऊन टाका. जास्त वेळ ठेवलं तर आम्लच प्रथिनं गोठवतं, काप वरून पांढरट पडतो आणि भाजल्यावर खडूसारखा भुगा होतो. हे काम मिठाच्या पाण्याच्या आधी उरकावं.

वरच्या आवरणासाठी पावाचा चुरा शोधत बसू नका, डब्यात कळण्याचं पीठ असेलच. ज्वारीबरोबर काळे उडीद दळलेलं हे पीठ यासाठी ज्वारीच्या किंवा तांदळाच्या नुसत्या पिठापेक्षा सरस ठरतं. मेलार्ड प्रक्रियेला साखर आणि प्रथिनातली अमिनो आम्लं दोन्ही लागतात, आणि उडदात प्रथिनं भरपूर असतात. ३०० ग्रॅम माशाला ३ मोठे चमचे कळण्याचं पीठ, २ मोठे चमचे जाड रवा, आणि त्यात २ लहान चमचे शेंगदाणा तेल. तेल पिठाला हाताने नीट चोळायचं, रवा भिजल्या वाळूसारखा दिसेपर्यंत. वरून तेल फवारलं तर ठिपक्याठिपक्यांनी बसतं आणि मध्ये कोरडं, पांढरं, कच्चं पीठ तसंच राहतं. काप दीड सेंटीमीटरपेक्षा पातळ असेल तर हे मिश्रण आधी तव्यावर बदामी भाजून गार करून घ्या, कारण पातळ काप शिजून होईल, पण कोटाला रंग यायला तेवढा वेळ मिळणार नाही. काही घरांत कळणा दळतानाच मीठ टाकतात. तसं असेल तर माशाला मिठाचं पाणी ५ मिनिटंच द्या.

काळ्या मसाल्याचं मात्र जपून. तो मुळातच खोबरं, धने, दगडफूल काळसर होईपर्यंत भाजून केलेला असतो. त्याला २०० अंशांच्या वाऱ्यात आणखी १० मिनिटं भाजलं की कडूपणाच उरतो. त्यातून तो कोरडा भुरभुरला तर पंखा त्याला उचलून कॉइलवर नेतो, आणि घरभर ठसका. म्हणून कापाला आधी हळद, पाऊण चमचा मिरची पूड आणि चमचाभर तेल यांचाच लेप द्या, त्यावर कळण्याचं पीठ दाबून बसवा. अर्धा चमचा काळा मसाला आणि ठेचलेला लसूण एक मोठा चमचा कोमट तेलात कालवून ठेवा, आणि शेवटच्या २ मिनिटांत ब्रशने वरून लावा. मसाल्याचा रंग आणि वास तेलातच उतरतो, तोही नीट फुलतो.

यंत्र रिकामं ४ मिनिटं २०० अंशांवर तापवा. २ सेंटीमीटर जाड कापाला ९ ते १० मिनिटं, दीड सेंटीमीटरला ७. जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीपेक्षा बरीच जास्त लागते, म्हणून शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून जाडी सारखी करा. कापांमध्ये दोन बोटं अंतर ठेवा. चिकटून ठेवलेले काप एकमेकांच्या वाफेत उकडतात. उलटायचा मोह टाळा, बासा हमखास मोडतो. थर्मामीटर बाजूने, सर्वात जाड भागात खुपसा. ६१-६२ दिसले की बाहेर काढा आणि दोन मिनिटं थांबा. बाहेरची उष्णता आत सरकून मध्यभागी ६३ होतात. झाले नाहीत तर पुन्हा आत, एक मिनिट.

इथे पाककृतींत न लिहिलेली एक गोष्ट येते, ती म्हणजे व्होल्टेज. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १४०० वॉट देणारं यंत्र १९० व्होल्टवर जेमतेम ९५५ वॉट देतं. संध्याकाळी खेड्यापाड्यांत मोटारी चालू असताना असा दाब पडणं नवीन नाही. व्होल्टेज १७ टक्के घटलं, पण उष्णता ३२ टक्के. मग मासा शिजतो पण रंग येत नाही, आणि दोष पाककृतीला. अशा वेळी आधी तापवण्याचा वेळ ८ मिनिटं करा आणि एका वेळी एकच काप ठेवा. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर याला जोडू नका, तो १४०० वॉटचा भार पेलत नाही. प्लगही १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. पूर्ण दाबावर हे यंत्र ६ अँपिअरच्या थोडं वरच ओढतं, आणि साध्या सॉकेटची पट्टी तापून काळी पडते.

मासा जाळीला चिकटत असेल तर जळगावकरांकडे केळीचं पान आहेच. कापाच्या मापाचा तुकडा, आचेवर फिरवून मऊ केलेला, सुरीने आठ-दहा भोकं पाडलेला. मापापेक्षा मोठं पान घेतलं तर वाळलेली कड वाऱ्याने उचलली जाऊन कॉइलला लागते. खालची बाजू थोडी मऊ राहते, हे मान्य करावं लागतं. पूर्ण पानात गुंडाळलेला मासा मात्र उकडलेला मासा. चांगला लागतो, पण त्यासाठी एअर फ्रायर लागत नाही, पातेलं पुरतं.

उरलेला काप दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर ४ मिनिटं. त्याहून जास्त तापमानावर कोट जळतो, आत मासा थंडच. आणि टोपली त्याच रात्री धुवा, वरच्या कॉइलवर उडालेलं तेल यंत्र गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पुढच्या खेपेला भाजलेल्या शेंगदाण्यांनाही बासाचा वास येतो.