मूत्रपिंडाचे अपरिचित जिवाणुसंसर्ग

मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग होतो तो बहुतेक वेळा आतड्यातल्या ई. कोलायमुळे, क्लेब्सिएला आणि प्रोटियस हेही ओळखीचेच. मात्र काही जिवाणू लघवीच्या साध्या कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, उगवतच नाहीत, किंवा उगवले तरी त्वचेवरची भेसळ समजून सोडून दिले जातात. निदान चुकते ते यांच्याच बाबतीत.

मुंबईत पहिली शंका क्षयाची घ्यावी. हा जिवाणू फुप्फुसातून रक्तावाटे मूत्रपिंडात पोचतो आणि वर्षानुवर्षे गप्प बसून राहतो. पुढे वारंवार लघवी, जळजळ, कधी रक्त. खोकला असेलच असे नाही. रिपोर्टात पस सेल्स (पूपेशी) भरपूर आणि कल्चरपुढे ‘नो ग्रोथ’, म्हणजे काही उगवले नाही. साध्या कल्चरची प्लेट २४ ते ४८ तासांत वाचून टाकून देतात, तर क्षयाच्या जिवाणूला घन माध्यमावर ६ ते ८ आठवडे लागतात. तो लघवीत रोज उतरत नाही, म्हणून लागोपाठ ३ ते ५ दिवस सकाळची पहिली लघवी तपासतात. जिवाणूची जनुके शोधणारी जीन एक्स्पर्ट चाचणी काही तासांत उत्तर देते, पण ती निगेटिव्ह आली म्हणजे क्षय नाही असे होत नाही. दरम्यान कोणी लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सुरू केले, तर जिवाणू अर्धवट दबतो, रुग्णाला बरे वाटते आणि निदान आणखी लांबते.

लेप्टोस्पायरा हा पावसाळ्यातला पाहुणा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर शहरात लेप्टोची साथ आली. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरलेला हा जिवाणू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत ठाण मांडतो. येथे लघवीच्या साध्या कल्चरचा उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताचा पीसीआर (जिवाणूची जनुके शोधणारी चाचणी), नंतर रक्तातल्या आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांनी ७२ तासांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यावे, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते.

लघवीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडला तर तो मूत्रमार्गातून वर चढला की रक्तातून उतरला, हे पाहावे लागते. म्हणून ब्लड कल्चर, गरज पडल्यास झडपांवर संसर्ग आहे का हे पाहायला हृदयाचा इकोही (सोनोग्राफी).

कोरिनेबॅक्टेरियम युरियालिटिकम हा जिवाणू कॅथेटरवाल्या (लघवीची नळी बसवलेल्या) आणि मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांत आढळतो. त्याने लघवी अल्कधर्मी होते, मूत्रपिंडाच्या आत क्षारांची पुटे चढतात. तो सावकाश उगवतो, म्हणून शंका असल्यास तसे लॅबच्या फॉर्मवर लिहावे. मग ती प्लेट ७२ तास ठेवली जाते.